माई, बाळोती मीच पिळली होती

प्रिय माई,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी माझी कंबर आता वाकत नाही. बसल्या जागेवरून केलेला चालवून घ्याल ना?

काल आम्ही चिखलदऱ्याहून परत आलो. मी, मनू, आपला जावई निखिल आणि मनूची साडेसहा महिन्यांची लेक इरा. यांचे, म्हणजे तुमच्या लेकाचे, गुडघे घाटातल्या चढउताराला तयार नव्हते, म्हणून हे घरीच थांबले. आज सकाळी चहा झाला आणि बॅगाही न उघडता मी लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कितीदा वाटलं, माईंना चार ओळी लिहाव्यात. पण लिहायला बसले असते तर एक गोष्ट लिहावीच लागली असती, म्हणून बसलेच नाही. ती गोष्ट परवा मनूसमोर बोलून झाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू?

मनूला काय वाटत होतं, तुम्हाला माहीत होतं का? तिला वाटत होतं, माईआजीला मी नको होते, मी मुलगी झाले म्हणून. मला याची कल्पनाच नव्हती. तेहतीस वर्षांची झाली आपली पोर, स्वतः आई झाली, आणि आतापर्यंत हे मनात घेऊन फिरत होती. त्याचं कारण तुम्ही नव्हता. मी होते.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं.

मनू सात महिन्यांची असताना आपण चौघं चिखलदऱ्याला गेलो होतो, आठवतं? यांना बँकेतून सुटी मिळाली होती. गणपती नुकतेच बसून उठले होते. तुम्ही आधी नको म्हणत होता. "लेकराले घेऊन कायले जाता डोंगरावर?" मग मी निघतेच आहे म्हटल्यावर आदल्या दिवशी दुपारभर बसून बाळोती मोजलीत. चाळीस. सगळी तुमच्या जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. कोरडी ठेवायला खादीचं गाठोडं, ओल्यांसाठी रेक्झिनची पिशवी, मांडीवर घालायला मेणकापड. माझी स्वतःची तयारी काय होती? एक पावडरचा डबा आणि तीन फ्रॉक. मी अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, रुमालालासुद्धा इस्त्री करणारी. त्या गाठोड्याची मला लाज वाटत होती.

आणि एसटीत तर काय केलंत तुम्ही. अकोटच्या पुढे मनूने बाळोतं ओलं केलं. तुम्ही बाटलीतल्या पाण्यानं ते खिडकीबाहेर खळबळलंत आणि सरळ खिडकीच्या गजाला बांधून दिलंत. ते वाऱ्यावर फडफडायला लागलं.

कंडक्टर म्हणाला, "आजी, झेंडा लावून राहिल्या काय गाडीले?"

तुम्ही म्हणालात, "लावन नाई तं काय. माह्या नातीची गाडी हाय हे. तुले काई अडचण?"

सगळी एसटी हसली. मी पलीकडच्या खिडकीतून कपाशीची शेतं बघत बसले, जणू मी तुमच्याबरोबर नव्हतेच. अंजनगाव यायच्या आत ते बाळोतं खडखडीत वाळलं होतं, हे मात्र मी पाहिलं.

तुमचा एक नियम होता. बाळोतं पिळायचं नाही. पाण्यातून काढायचं, दोनदा झटकायचं आणि तसंच निथळत दोरीवर टाकायचं. पिळलं की लेकराच्या पोटात पीळ पडतो, असं तुम्ही म्हणायचात. मला हसू यायचं, पण मी पाळत होते. पाळायला काही लागतच नव्हतं. अकोल्याच्या उन्हात ओलं बाळोतं दोरीवर टाकून दुसरं आणायला आत जावं, तोवर पहिलं पापडासारखं होतं. तिथे पिळलं काय आणि न पिळलं काय? आपल्या उन्हात तयार झालेला तो नियम आपण गाठोड्यात बांधून धुक्यात घेऊन गेलो, एवढंच आपलं चुकलं.

चिखलदऱ्याला पोचलो तर समोरचं झाड दिसत नव्हतं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तुम्ही दोरी बांधली, बाळोती टाकली. खाली पाण्याची थारोळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर आदल्या दिवसापेक्षा जास्त ओली. गाठोड्यात कोरडी उरली होती सहा. चौकीदाराची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "बाई, असे गळत राह्यले तं दिवाळीपर्यंत नाई वाळत."

मी म्हटलं, "माई, जरासं पिळूया ना."

"नाई म्हणजे नाई. वाळतीन. वारा सुटू दे."

तुम्ही आणि हे देवीच्या दर्शनाला गेलात. मनू झोपली होती, म्हणून मी मागे राहिले. तुम्ही दोघं वळणावर दिसेनासे झालात आणि मी दोरीवरून सगळी बाळोती उतरवली. एकेक धरून अशी पिळली, माई, की हाताला लाल वळ उठले. मग चौकीदाराच्या बायकोच्या चुलीपाशी बसून दोघींनी ती शेकून वाळवली. चांगली अठ्ठावीस होती. घड्या करून गाठोड्यात ठेवली, तेव्हा मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

तुम्ही आलात, गाठोडं दाबून पाहिलंत आणि खूश झालात. "पाहाय, वाळले न? म्या म्हटलं होतं, वारा सुटन."

मी म्हटलं, "हो माई, सुटला होता वारा." यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वारा काही सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपण बाजारात गेलो. तुम्ही द्रोणात रबडी घेतली. मनू तुमच्या कडेवर होती, द्रोणाकडे टक लावून बघत होती. तुम्ही बोटाच्या टोकाला एवढीशी रबडी लावून तिच्या ओठांना लावली. तिनं जीभ फिरवली आणि अशी काही हसली की रबडीवालाही हसला. तुम्ही म्हणालात, "माही पोट्टी चटोरी निघनार."

तासाभरानं ती रडायला लागली. गुडघे पोटाशी घेऊन, जीव खाऊन. मग उलट्या सुरू झाल्या. यांनी जीप ठरवली आणि आपण परतवाड्याला दवाखान्यात गेलो. घाटभर मनूचं डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि तुमचे ओठ हलत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही दिलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात. "मी चाटवलं, डॉक्टरसाहेब. रबडी. बोटभर. माह्याच हातानं."

डॉक्टर वैतागलेच. एवढ्याशा बाळाला बाहेरचं दूध देतात का, आजी तुम्हाला कळायला नको का, असं सगळ्या रांगेसमोर बोलले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. मनूला सलाईन लागलं आणि दुपारपर्यंत ती निवांत झोपली. धोका नाही म्हणाले. हे औषधं आणायला गेले. बाकावर आपण दोघीच उरलो.

तेव्हा तुम्ही मला विचारलंत. अगदी हळू. "वंदना, खरं सांग. तू बाळोते पिळले तर नाई न?"

माई, त्या प्रश्नात राग नव्हता. आता मला ते स्पष्ट ऐकू येतं. तुम्ही आशेनं विचारत होता. मी हो म्हणावं, असं तुम्हाला वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही मला चार शब्द ऐकवले असते, आणि स्वतःला सोडून दिलं असतं.

मी म्हटलं, "नाही माई."

तुम्ही मान हलवलीत. "मंग माह्याच बोटानं झालं."

का बोलले मी असं? खूप वर्षं मी स्वतःला सांगत होते की घाबरले म्हणून. पण ते खरं नाही. मी सायन्सची पदवीधर होते. कापड पिळून कुणाचं पोट दुखत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हो म्हटलं असतं तर तुमचा नियम खरा ठरला असता आणि जन्मभर मला ते ऐकावं लागलं असतं. माझं बरोबर असलेलं मला चूक ठरू द्यायचं नव्हतं. शाळेत आमच्या सिस्टर वर्गात काही फुटलं की विचारायच्या, कुणी केलं? करणारीनं उभं राहायचं, बस. दहा वर्षं मी त्या वर्गात बसले होते. परतवाड्याच्या त्या बाकावरून मात्र मला उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनूला घरी सोडलं. आठवड्यात ती पहिल्यासारखी झाली. तुम्ही मात्र झाला नाहीत.

तोवर अख्ख्या गल्लीतली बाळं तुमच्या पायांवर न्हायली होती. कुणाकडे बाळंतपण झालं की पहिलं बोलावणं तुम्हाला यायचं. त्यानंतर कुणी आलं की तुम्ही म्हणायचात, "आता डोयाले दिसत नाई व, माय. दुसरीले सांगा." आणि आत येऊन गोधडीची सुई एका झटक्यात ओवायचात. मी ते पाहायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

मनूसाठी मऊ भात कालवून वाटी तुमच्यापुढे धरली की म्हणायचात, "तूच दे. माह्या हातानं नको." किती वेळा म्हणालात हे? मी दर वेळी मुकाट्यानं वाटी मागे घेतली. तिथेच सांगता आलं असतं ना? रोज संधी होती, दोन वेळा.

थोडा रागही आहे हं तुमच्यावर. तुम्हीही एकदाच का विचारलंत? एरवी दूध उतू गेलं तर तीनदा विचारणाऱ्या तुम्ही. मला धरून, दटावून, "खोटं बोलून राहिली तू" असं म्हणाला असतात, तर मी लगेच कबूल झाले असते. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. शिकलेली सून खोटं कशाला बोलेल, असं वाटलं असेल.

आणि घरात त्याचा किस्सा झाला. कुणाच्या लग्नात, दिवाळीत, सगळी जमली की अमरावतीहून आलेल्या कुमुदवन्स सुरू करायच्या, "आमच्या माईची रबडी ऐकली का?" तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. मीही हसायची. तुम्ही गेल्यावरही तो किस्सा चालू राहिला, आणि मी हसत राहिले.

आता परवाचं ऐका.

मनूनं इराला पहिल्यापासून कापडाचेच लंगोट लावलेत. तयार डायपरनं इराला पुरळ यायचं, आणि शिवाय मनू म्हणते, डोंगरावर जाऊन तो कचरा कुणाच्या अंगणात टाकायचा? हे लंगोट तुम्ही पाहायला हवे होते. रंगीत, वरून पाणी न झिरपणारे, कमरेला टिचबटणांची रांग, आत घालायच्या कापडी घड्या वेगळ्या. मुक्कामाला म्हणून मनूनं अठरा मोजून घेतले होते. ओल्यांसाठी चेनची पिशवी, दोरी, चिमटे. तुमच्या गाठोड्यात आणि तिच्या बॅगेत मला काही फरक दिसला नाही. फरक असलाच तर माझ्यात. मी गुपचूप माझ्या पर्समध्ये तयार डायपरचं पाकीट घेऊन गेले होते. मनूला ते दिसलं. "आई, ते राहू दे आत," एवढंच म्हणाली.

हॉटेलची बाल्कनी, पुढे धुकं. तेच धुकं, माई. पहिल्या संध्याकाळी मनूनं लंगोट धुतले आणि मी मदतीला म्हणून एक उचलून पिळायला घेतला.

ती म्हणाली, "आई, पिळू नकोस हं. पिळायचे नसतात ते. आतलं अस्तर फाटतं, लेबलवर लिहिलंय."

माझे हात तिथेच थांबले. मनूला काही कळलं नाही. तिनं कोरड्या टॉवेलवर लंगोट पसरले, टॉवेलची घट्ट वळकटी केली आणि त्यावर चक्क उभी राहिली. निखिललाही उभं केलं. तो म्हणाला, "पाहा आई, तुमच्या पोरीनं मले लंगोटावर उभं केलं." मूळचा पातूरचा तो, बंगळूरला दहा वर्षं राहूनही लाडात आला की असंच बोलतो. सगळं पाणी टॉवेलनं प्यायलं. सकाळपर्यंत लंगोट पंख्याखाली वाळले. पिळलेही नाहीत आणि गळलेही नाहीत. इतकं सोपं होतं? मग आपण दोघी चाळीस बाळोत्यांवरून कशाला एकमेकींना हरवत बसलो?

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला आणि आम्ही गाडीतून फिरायला निघायच्या बेतात होतो. इरा रडायला लागली. गुडघे पोटाशी घेऊन. मनूनं तिला थोपटलं, पाजून पाहिलं, काही केल्या थांबेना. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू काही चाटवलंस का हिला?"

साधा प्रश्न होता. इराला अजून वरचं काही सुरू नाही, म्हणून विचारलं तिनं. मी काही दिलं नव्हतं. तरी तोंडातून ‘नाही’ निघेना. त्या बाकावर तुम्हाला कसं वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं.

मनूनं इराला पलंगावर निजवून लंगोट उघडला. पोटावर लालभडक पट्टा उमटला होता.

निखिल लगेच म्हणाला, "मीच लावला व, सकाळी. गाडीत गळू नाही म्हणून एक बटण पुढं लावलं. माहीच चूक."

"अरे, श्वास तरी घेऊ दे तिला," मनू म्हणाली. लंगोट सैल केला, इरानं दोन हुंदके दिले, एक मोठा आवाज काढून पोट मोकळं केलं आणि हसायला लागली. निखिल म्हणाला, "झालं. बिल्कुल माह्यावर गेली." दोन मिनिटांत सगळं संपलं. कुणी कुणाला काही लावून घेतलं नाही. एका वाक्यानं काम झालं, माई. मी उभी राहून बघत होते, आणि मला रडू आवरेना.

मनू घाबरली. "आई, मी सहज विचारलं. तू अशी काय करतेस?" मी डोळे पुसत राहिले, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "खरं सांगू? साडेसहा महिने मी बघतेय. तू हिला घेतेस, पण न्हाऊ घालत नाहीस, लंगोट बदलत नाहीस, औषधाचा थेंब द्यायचा तरी मला हाक मारतेस. माईआजी माझ्याशी अशीच वागली. कुमुदआत्याच्या बंटीदादाला न्हाऊ घालतानाचा तिचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे. माझा एकही नाही. मुलगी झाली की लांब राहायचं, अशी आपल्या घरची पद्धत आहे का?"

हे ऐकल्यावर मी गप्प कशी बसणार होते?

सगळं सांगितलं. चाळीस बाळोती, चूल, वारा, रबडी, बाक. तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर. हेही सांगितलं की बाळंतपणानंतर माहेराहून तिला घेऊन आले तेव्हापासून चार महिने रोज सकाळी तुम्हीच तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होता, ऊन पाण्यानं, डाळीच्या पिठानं, तिच्याशी गप्पा मारत. आपल्याकडे कॅमेरा नव्हता, म्हणून फोटो नाही. कुमुदवन्सांच्या यजमानांकडे होता, म्हणून बंटीचा आहे. आणि एसटीतला झेंडाही सांगितला. "माह्या नातीची गाडी" म्हणालात ते.

तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मुलगी म्हणून नाही?"

"नाही गं. तू तिची चटोरी होतीस. तिला स्वतःच्या हातांची भीती बसली होती. आणि ती मी घालवू शकत होते, पण घालवली नाही."

"आणि तू हिला हात लावत नाहीस, ते?"

"मलाही तीच भीती. उद्या काही झालं आणि तू माझ्याकडे पाहिलंस तर?"

मनू उठली. मला वाटलं गळ्यात पडेल. पण तुमची नात आहे ती. म्हणाली, "तू फार वाईट केलंस, आई. आजी असताना सांगायला हवं होतंस." आणि इराला घेऊन निखिलबरोबर बाहेर निघून गेली. मी खोलीत बसून राहिले. खरं सांगते, माई, त्या अर्ध्या तासातही मला सुटल्यासारखंच वाटत होतं. रागावली होती ती, पण योग्य माणसावर रागावली होती.

परत आली तेव्हा नाक लाल होतं. तिनं इराला माझ्या मांडीवर ठेवलं, शेजारी एक कोरडा लंगोट ठेवला आणि म्हणाली, "ओला झालाय. बदल. आणि बटण सैल लाव."

मी बदलला. इरा माझ्या बांगड्या ओढत होती.

परतीच्या वाटेवर निखिलला विचारलं, तेव्हा मनूला झालं तरी कशानं असेल रे? तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "पाणी असन, हवा असन, काई बी असन. लेकरं बिमार पडतात, आई. त्याले कारण लागतेच असं नाई." इतकं साधं उत्तर मला तेहतीस वर्षं सुचलं नव्हतं. तुम्हाला ते पोचवावं, हेही या पत्राचं एक कारण.

घरी आल्यावर यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "वारा नव्हता सुटला, ते मला तेव्हाच माहीत होतं. पण मला वाटलं, बायांच्या भांडणात कशाला पडा." तुमचा मुलगा शेवटी तुमचाच, खोदून न विचारणारा. जेवताना मात्र ते म्हणाले, "माईला किती बरं वाटलं असतं गं."

माझी माफी मागायची वेळ गेली, हे मला कळतं. तरी मागते. तुमच्या हातांची चूक नव्हती. ते हात गल्लीतल्या कितीतरी बाळांना लागले नाहीत, ते नुकसान माझ्यामुळे झालं.

आता एक वचन देते. येत्या रविवारी इराचं उष्टावण आहे. इथेच, अकोल्यात. कुमुदवन्स येणार, बंटी त्याच्या बायकोमुलांना घेऊन येणार, आणि पानं मांडली की कुणीतरी तुमची रबडी काढणारच. त्या वेळी मी हसणार नाही. मी उभी राहीन आणि सगळ्यांना उरलेला अर्धा भाग सांगीन, माझ्या नावासकट. पहिला घास खरं तर मामानं द्यायचा. मनूला भाऊ नाही. काल तिनं विचारलं, "आई, तू देशील ना?" मी हो म्हटलं. बोटभर खीर, माझ्याच हातानं. ती हसली तर हसेल, रडली तर रडेल, आणि मी तिथेच तिच्यापाशी बसून राहीन.

तुमची,
वंदना